यंत्र चालते, मग खोली थंड का होत नाही?

फाल्गुन सरत आला, की हैदराबादेतील घराघरांतून एक ठरलेली लगबग सुरू होते. ज्यांच्याकडे कूलर आहे, ते माळ्यावरून त्याच्या जाळ्या उतरवतात, मागील वर्षीचा काळवंडलेला वाळा काढून टाकतात व नवा भरतात. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘एसी’, आहे, ते त्याची कळ दाबून खाली उभे राहतात आणि वर तोंड करून हात पसरतात. थोड्या वेळाने घरातील कोणीतरी म्हणते, ‘‘वारा तर येतो आहे, पण थंड होत नाही.’’ आणि मग कारागिराचा शोध सुरू होतो.

गेल्या वर्षी हे वाक्य आमच्याही घरी उच्चारले गेले. आमचे मूळ गाव कारवारकडील. तेथे उन्हाळ्यात माणूस घामाने भिजतो, परंतु येथल्यासारखी हवा अंग भाजीत नाही. आमच्या मातोश्री, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एप्रिलमध्ये आमच्याकडे आल्या. आमचे भाड्याचे घर काचीगुड्याच्या बाजूस, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. वर उघडी गच्ची. मातोश्रींसाठी म्हणून एका स्नेह्याकडील दीड टनाचे जुने यंत्र विकत घेऊन आम्ही त्यांच्या खोलीत बसवून घेतले होते. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका रात्री साडेदहाच्या सुमारास त्या अंथरुणावर उठून बसल्या आणि आपल्या कोंकणीत म्हणाल्या, ‘‘वारें येता, पूण थंड ना.’’ भिंतीवरील उष्णतामापक ३५ अंश दाखवीत होता.

दुसऱ्या दिवशी कारागीर आला. त्याने यंत्राच्या तोंडाशी हात धरला आणि तत्काळ निदान केले, ‘‘गॅस कम हो गया साब, भरना पडता.’’ अडीच हजार रुपये गेले आणि खोली थंड झाली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी कारागीर दुसरा होता. निदान मात्र तेच आणि रक्कमही तीच. मेच्या मध्यास तिसऱ्यांदा खोली तापली, तेव्हा मातोश्री ‘‘मला गावी पोचवा’’ असे म्हणू लागल्या. डोळा पूर्ण बरा होईपर्यंत प्रवास करू नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. म्हणजे त्यांना ठेवावे तरी पंचाईत आणि न्यावे तरी पंचाईत!

ही कहाणी आम्ही शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तेव्हा पदार्थविज्ञानाच्या आमच्या सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘सर, तो गॅस जातो कोठे?’’ आम्ही भाषा आणि इतिहास शिकविणारे. ‘‘वापरला जात असेल,’’ असे उत्तर आम्ही देऊन टाकले. ते हसून म्हणाले, ‘‘कंदिलातले रॉकेल वापरले जाते. हा गॅस वापरला जात नाही.’’ पुढील दोन दिवसांत त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो व जे आमच्या हातांनी करून पाहिले, तेच येथे सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट ही, की हे यंत्र थंडी उत्पन्न करीत नाही. थंडी नावाचा काही पदार्थच नाही. खोलीतील उष्णता उचलून ती घराबाहेर नेऊन टाकणे, एवढेच या यंत्राचे काम. पाणी जसे आपोआप उताराकडे वाहते, तशी उष्णता आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. आपल्याला मात्र २६ अंशांच्या खोलीतून ४१ अंशांच्या अंगणात ती पोचवावयाची असते. तिला हा चढ चढविण्यासाठी वीज लागते.

कोंकणातील नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पूर्वी विहिरीवर रहाट असत. दोरावर बांधलेल्या लोट्यांची माळ विहिरीत उतरे. लोटे तळाशी भरत, वर येऊन पन्हळीत रिते होत आणि पुन्हा खाली जात. रहाटास बैल किंवा रेडा जुंपलेला असे. वातानुकूलन यंत्र म्हणजे उष्णतेचा असाच रहाट होय. खोलीतील हवा ही विहीर. यंत्रातील गॅस म्हणजे लोट्यांची माळ. कॉम्प्रेसर हा बैल, आणि घराबाहेर टांगलेली तारांची जाळी म्हणजे पन्हळ.

लोटे भरतात कसे, हे समजण्यास हाताच्या पाठीवर थोडे स्पिरिट टाकून पाहावे. ते उडून जाताना हात गार पडतो. कारण द्रवाची वाफ होण्यास लागणारी उष्णता ते आपल्या कातडीतून घेते. माठातील पाणी याच नियमाने गार होते. यंत्रातील गॅस पातळ स्थितीत खोलीतल्या जाळीत येतो आणि तेथे कमी दाबाखाली उकळतो. हा गॅस उकळावयास विस्तव नको. जुन्या यंत्रांत असणारा आर-२२ हा गॅस साध्या हवेच्या दाबाखाली उणे ४१ अंशांच्या आसपास उकळतो आणि नव्या यंत्रांतील आर-३२ त्याहूनही खाली, सुमारे उणे ५२ अंशांस. यंत्राच्या नळीत दाब याहून पुष्कळ अधिक असल्याने तेथे तो शून्याच्या थोडा वर उकळतो. तेवढा गारवा आपल्याला पुरे. खोलीतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तेव्हा ती बाहेरच्या उन्हाहूनही अधिक तापते. आणि म्हणूनच, बाहेर ४१ अंश असले तरी ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊ शकते. उष्णता देऊन ती पुन्हा पातळ होते, एका अरुंद वाटेने जाताना तिचा दाब उतरतो आणि नव्याने चक्र सुरू होते.

येथे ‘टन’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण दीड टनाचे यंत्र म्हणजे दीड टन वजनाचे यंत्र असे समजणारे विद्यार्थी आम्हांस भेटले आहेत. (आमचा स्वतःचा समजही फार वेगळा नव्हता.) एके काळी गारव्याचा व्यापार बर्फाच्या तुकड्यांनी होत असे. १८३३ साली बॉस्टन बंदरातून निघालेल्या जहाजाने अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ थेट कलकत्त्यास आणला होता, आणि पुढील वर्षी तो मुंबईसही पोचला. पुढे यंत्रे आली, तेव्हा त्यांची शक्ती बर्फाच्याच मापाने मोजली गेली. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषील, तितकी उष्णता काढणारे ते एक टनाचे यंत्र. आजच्या मापाने हे साडेतीन किलोवॅट होते. तेव्हा दीड टनाचे यंत्र सव्वापाच किलोवॅट वेगाने उष्णता उचलते आणि त्यासाठी सुमारे दीड किलोवॅट वीज खाते. दीड देऊन सव्वापाच मिळाले, ही जादू नव्हे. विजेने उष्णता निर्माण केली नाही, फक्त वाहून नेली. परंतु हिशेब येथे संपत नाही. बाहेरच्या जाळीला खोलीतील सव्वापाच आणि विजेचे दीड, असे एकंदर पावणेसात किलोवॅट बाहेर टाकावे लागतात. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण हैदराबादेत यंत्रे बहुधा तेथेच अडतात.

आता तपासणीकडे वळू. सर्वांत आधी दूरनियंत्रक, म्हणजे रिमोट, पाहावा. हे हास्यास्पद वाटेल. परंतु आमच्याच इमारतीत एका कुटुंबाने कारागिरास बोलावले, आणि त्याने लहान मुलाने चुकून ‘फॅन’वर ठेवलेले यंत्र ‘कूल’वर आणून भेटीचे पैसे घेतले. आकडा १६ वर आणल्याने खोली लवकर थंड होते, हाही एक गैरसमज. साध्या यंत्रातील कॉम्प्रेसरला एकच वेग असतो. तो १६ ला पळतो तितकाच २४ ला पळतो, फक्त १६ ला तो थांबत नाही. जानेवारी २०२० पासून आपल्या देशात तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर सुरू होतील अशी बांधलेली असतात, ती याच कारणास्तव. उलट, नव्या पद्धतीच्या इन्व्हर्टर यंत्राचा आवाज खोली थंड झाल्यावर मंदावतो. तो दोष समजून घाबरू नये.

मग मातोश्रींचे वाक्य घ्यावे. आम्ही त्या रात्री ते तक्रार म्हणून ऐकले. परंतु आमचे सहकारी म्हणाले, की दोन्ही कारागिरांपेक्षा त्यांचे निदान अधिक शास्त्रीय होते. कारण त्यांत दोन प्रश्नांची उत्तरे आहेत. वारा येतो का? आणि तो थंड आहे का?

वाराच कमी येत असेल, तर दोष बहुधा खोलीतच आहे. पुढचे झाकण उचलले, की बारीक जाळीचा फिल्टर दिसतो. या शहरातील बांधकामांची व रस्त्यांची धूळ त्यावर पंधरा दिवसांत करड्या कांबळ्यासारखी बसते. लोटे तळाशी पोचावेत पण पाणीच आत शिरू नये, तसे होते. हवा जाळीस पोचत नाही, जाळी अतिथंड होते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फ दिसला, की ‘‘अरे वा, किती थंड झाले!’’ असे काही लोकांना वाटते. वस्तुतः तो आजाराचे लक्षण आहे. थंड करणे बंद करून नुसता पंखा दोन-तीन तास चालवावा, बर्फ वितळू द्यावा, फिल्टर नळाखाली धुऊन सावलीत वाळवून बसवावा. उन्हाळ्यात हे पंधरा दिवसांनी एकदा, आणि ते काम घरातील कोणीही मुलगा-मुलगी करू शकते. त्यानंतरही बर्फ धरला, तर मात्र गॅस कमी असण्याचा संभव आहे.

वारा भरपूर, पण थंड नाही, असे असेल तर बाहेर पाहावे. पहिला प्रश्न : बैल चालतो आहे का? बाहेरचा पंखा फिरतो आणि कॉम्प्रेसरचा खर्ज आवाज येतो का? तो क्षणभर घुमून बंद पडत असेल, तर एक तर विजेचा दाब कमी आहे किंवा त्यास धक्का देणारा कपॅसिटर नावाचा डबा निकामी झाला आहे. मेच्या दुपारी सगळे गाव एकाच वेळी यंत्रे लावते, तेव्हा २३० व्होल्टच्या ठिकाणी दाब पुष्कळ खाली येतो. दिवे मंद होतात, स्टॅबिलायझर ‘टक’ असा आवाज करून यंत्र तोडतो. अशा वेळी पुनःपुन्हा कळ दाबू नये. तीन मिनिटे तरी जाऊ द्यावीत. आणि विद्यार्थिमित्रहो, कपॅसिटरला हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. सज्जावर उतरून बाहेरचे यंत्र उघडणे हेही तुमचे काम नव्हे. तुम्ही पाहावे, ऐकावे, मोजावे. उघडावे ते जाणकाराने.

बैल चालतो आहे, पण पन्हळ तुंबली आहे, हा दुसरा प्रकार. आणि हाच आमच्या घरी अर्धा निघाला. आमच्या इमारतीत सर्व बाहेरची यंत्रे मागील अरुंद चौकात एकावर एक टांगलेली आहेत. खालच्या यंत्राने ओकलेली गरम हवा वरच्याने प्यावी, अशी व्यवस्था! पावणेसात किलोवॅट टाकावयाचे, तेही आधीच तापलेल्या हवेत. त्यातून आमच्या यंत्राच्या जाळीच्या पातळ पात्यांत धूळ, कापसाचे तंतू आणि पारव्यांची पिसे यांची गादी जमली होती. मऊ कुंचला आणि हलक्या धारेचे पाणी, एवढ्यावर ती निघाली. जोराची धार मारू नये, पाती वाकतात.

राहिला गॅस. रहाटाचे लोटे झिजत नाहीत. माळेतील लोटे कमी झाले असतील, तर ते कोठेतरी गळून पडले असले पाहिजेत. यंत्राची नळी चहूकडून बंद असते. तीत भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरावयास हवा. तो कमी झाला, याचा अर्थ गळती आहे. आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आमच्या सहकाऱ्यांनी ओळखीचा एक वयस्क कारागीर आणला. त्याने प्रथम डोळ्यांनीच नळ्यांचे जोड तपासले. बाहेरच्या यंत्रास तांब्याची नळी जेथे पितळी नटाने जोडलेली होती, तेथे तेलाचा ओला काळपट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते, म्हणून गॅस जेथून निसटतो, तेथे तेलाची खूण राहते. त्याने साबणाचा फेस त्या नटावर लावला. अर्ध्या मिनिटात एक फुगा आला, मोठा झाला, फुटला, पाठोपाठ दुसरा. आमचे पाच हजार रुपये त्या फुग्यांतून हवेत जात होते! जुने यंत्र एका घरातून काढून दुसऱ्या घरात बसविताना तो जोड नीट केला गेला नव्हता, इतकेच.

त्याने नळीचे तोंड कापून नव्याने बसविले, पंपाने नळीतील हवा व ओल पूर्ण काढून घेतली आणि यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरला. आधीच्या दोघांनी काटा आणला नव्हता. जास्त गॅस भरला तरीही यंत्र नीट थंड करीत नाही, हे त्याने आम्हांस सांगितले. यास्तव कारागिरास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : गळती कोठे सापडली, हवा पंपाने काढली का, आणि गॅस तोलून भरला का. यात पैशांच्या पलीकडचीही एक बाब आहे. आर-२२ हा पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थरास अपाय करणाऱ्या वायूंपैकी असून, १९८७ सालच्या माँट्रियल करारान्वये अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येत आहे. नवा आर-३२ ओझोनचे नुकसान करीत नाही. परंतु तो किंचित ज्वलनशील असल्याने त्याच्याजवळ जाळ नको.

ज्यांच्या घरी एकच मोठे यंत्र असून आढ्यात लपविलेल्या पत्र्याच्या मार्गांतून सर्व खोल्यांत वारा जातो, अशी घरे शहराच्या पश्चिमेकडील नव्या वस्त्यांत थोडी आहेत. नियम तेथेही हेच. फक्त एकच खोली तापत असेल, तर त्या खोलीचा झडपा बंद आहे का किंवा आढ्यातील जोड सुटून थंड वारा छताच्या पोकळीतच सांडतो आहे का, एवढे अधिक पाहावे.

कूलरची गोष्ट मात्र निराळी. हवा आत आली पाहिजे आणि बाहेरही गेली पाहिजे, म्हणून कूलर लावल्यावर खिडकी उघडी हवी आणि एसी लावल्यावर बंद. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दोन्ही एकदम लावीत. कूलर हवेत ओल घाली आणि एसी ती काढून नळीवाटे ठिबकत ठेवी. बिल मात्र दोहोंचे. येथल्या कोरड्या चैत्र-वैशाखात कूलर उत्तम चालतो. तोच कारवारच्या दमट हवेत नेला, तर नुसता ओला वारा घालील. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने वाळ्यावर पांढरे कवच बसते. मग पाणी झिरपत नाही आणि कूलरही ‘‘चालतो, पण थंड करीत नाही’’ असा होतो. जाता जाता सांगावयास हरकत नाही, की १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने वातानुकूलनाची योजना आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हतीच. तेथील छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर बरोबर बसत नसत. हवेतील ओल आवरणे हा तिचा मूळ हेतू.

आमच्या घरी दुरुस्ती झाल्यावर सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील उष्णतामापक आणला. यंत्र पंधरा मिनिटे चालू दिल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे तपमान ३१ आणि बाहेर येणाऱ्या हवेचे २० भरले. हा फरक ८ ते १२ अंशांच्या दरम्यान असला, की यंत्र आपले काम करीत आहे असे समजावे. तरीसुद्धा संध्याकाळी सात ते दहा खोली ३० च्या खाली येईना. यंत्र निर्दोष होते. विहिरीचा झराच मोठा होता. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री खोलीत उष्णता ओतीत होता. घरमालकांच्या संमतीने आम्ही गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले. तेलंगण सरकारने २०२३ साली ‘शीत छप्पर’ धोरण जाहीर केले, त्यातील तत्त्व हेच, की पांढरे छप्पर ऊन परतवून लावते. चुना, पश्चिमेच्या खिडकीस जाड पडदा आणि दाराखालच्या फटीस कापडाची वळकटी, एवढ्याने रात्री दहाला २७ अंश दिसू लागले. मातोश्री जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहिल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्या पावसाच्या सुमारास गावी गेल्या.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत ज्या विद्यार्थ्यांच्या घरी असे यंत्र असेल, त्यांनी दर रविवारी त्याच वेळी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तपमान मोजून वहीत लिहावे आणि फिल्टर कधी धुतला तेही शेजारी टिपावे. उष्णतामापक शाळेच्या प्रयोगशाळेतून सही करून मिळेल. यंत्राच्या तोंडाशी तो धरताना आधी यंत्राखालचा पलंग बाजूस सरकवावा. पहिला उष्णतामापक आम्ही तेथेच फोडला होता.